पडद्याच्या तळाची ओळ

वीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका महोत्सवाच्या रांगेत माझ्यापुढे सत्तरीचे एक गृहस्थ उभे होते. गळ्यात आम्हा सगळ्यांसारखाच पास, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत जेवणाचा डबा. एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. सकाळी नऊच्या खेळाला येऊन रात्री शेवटचा चित्रपट संपल्यावरच ते घरी जात. आत गेल्यावर शेजारची खुर्ची मिळाली. चित्रपट युरोपातला होता आणि एका जेवणाच्या टेबलाभोवती दीड तास माणसे बोलत होती. दहा मिनिटांनी ते माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, “अहो, खाली काय लिहिलंय? मला इंग्रजी तेवढं भरभर वाचता येत नाही.”

मी कुजबुजत सांगू लागलो. मागून कोणीतरी ‘शुक्’ केले. मी गप्प झालो. थोड्या वेळाने काका पिशवी उचलून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी माजिद माजिदींचा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ होता. एका बुटांच्या जोडावर शाळा करणाऱ्या भावाबहिणीची ती इराणी गोष्ट. काका पुन्हा शेजारी होते, पण या वेळी त्यांनी मला काहीच विचारले नाही. शेवटी ते चष्मा पुसत बसले होते.

त्या वर्षी आठ दिवसांत मी ३४ चित्रपट पाहिले. वहीत प्रत्येकाची नोंद आहे. परवा ती वही उघडली तर त्यांतले जेमतेम नऊ मला आठवले. बाकीच्यांच्या नावापुढचे माझेच अक्षर मला परके वाटले. काका मात्र लख्ख आठवतात. माझ्या हौशी संशोधनाची दिशा त्यांच्या त्या प्रश्नाने बदलली. महाराष्ट्रात परदेशी चित्रपट कोणी आणले, हे पुष्कळांनी लिहिले आहे. ते कोणाला कळले, कोणत्या भाषेतून कळले, याचा शोध घ्यावा असे मला वाटू लागले.

आपल्याकडचा प्रचलित इतिहास साधारण असा सांगितला जातो : १९५२ साली मुंबईत पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला आणि भारतीय प्रेक्षकाला जगाचा सिनेमा दिसला. हे विधान अर्धेच खरे आहे. त्याच्या पंचवीस वर्षे आधी गिरणगावातला कामगार, पुण्याच्या पेठेतला कारकून आणि कोल्हापूरचा तालमीतला गडी जे चित्रपट पाहत होते, त्यांतले बहुसंख्य परदेशीच होते. ब्रिटिश सरकारने १९२७ साली टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट चौकशी समिती नेमली. समितीने देशभर फिरून साक्षी घेतल्या. त्या छापील खंडांची पाने उलटली की दिसते, अमेरिकी मारधाडीच्या मालिका आणि चॅप्लिन इथल्या सामान्य माणसाच्या ओळखीचे होते. ‘जागतिक सिनेमा’ हा शब्द त्याने ऐकला नव्हता, एवढेच.

त्याला ते कळत कसे होते? चित्रपट मुके होते हे पहिले उत्तर. दुसरे अधिक महत्त्वाचे आहे. मूकपटात मधूनमधून पाट्या येत. आपल्याकडच्या चित्रपटांत त्या पाट्यांवर एकाच वेळी दोन, तीन, कधी चार भाषा असत. पाटी आली की ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाची आणि शेजारचे ऐकत. काही थिएटरांत तर पाट्या वाचायला पगारी माणूस असे. साक्षरता इतकी कमी असताना चित्रपटाचा धंदा चालला, त्यात या वाचणाऱ्यांचा वाटा मोठा होता. त्यांची नावे कुठेही नाहीत. तेव्हा मागून कोणी ‘शुक्’ म्हणत असेल असे वाटत नाही, कारण ज्याला गप्प करायचे तोच गोष्ट सांगत होता.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला. पुढच्या वर्षी प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ने मराठी बोलपट सुरू केला. आपली माणसे आपल्या भाषेत बोलू-गाऊ लागली, ही आनंदाची गोष्ट खरीच. पण त्याच बरोबर परदेशी चित्रपट इंग्रजी कळणाऱ्यांच्या थिएटरांत गेला आणि तिथेच राहिला. एका शहरात दोन प्रेक्षक तयार झाले.

या पार्श्वभूमीवर १९५२चा महोत्सव पाहावा. फिल्म्स डिव्हिजनने भरवलेला हा महोत्सव २४ जानेवारीला मुंबईत सुरू झाला. तेवीस देश, सुमारे ४० कथापट, शंभरेक लघुपट. मुंबईनंतर मद्रास, दिल्ली आणि कलकत्ता. भारतीय चित्रपटांत ‘आवारा’च्या जोडीने व्ही. शांताराम यांचा मराठी ‘अमर भूपाळी’ही होता. होनाजी बाळाची लावणी आणि युद्धोत्तर रोमची बेकारी एकाच आठवड्यात, एकाच शहरात दाखवली गेली! पण सगळ्यांच्या लक्षात राहिला तो डी सिकांचा १९४८चा ‘बायसिकल थीव्ज’. भित्तिपत्रके चिकटवण्याचे काम मिळालेला माणूस, त्या कामासाठी लागणारी सायकल, ती पहिल्याच दिवशी चोरीला जाणे आणि लहान मुलाला घेऊन गावभर शोध. नायकाची भूमिका करणारा लाम्बेर्तो माज्जोरानी प्रत्यक्षात कारखान्यातला कामगार होता. बिमल रॉय यांनी हा चित्रपट पाहिला आणि १९५३ साली त्यांचा ‘दो बिघा जमीन’ आला. त्यातला शंभू जमीन वाचवण्यासाठी कलकत्त्याला जाऊन रिक्षा ओढतो, मागोमाग मुलगा येतो. पुढच्या वर्षी कान महोत्सवात त्याचा गौरव झाला.

इथे बहुतेक लेखक इटलीचे आभार मानून थांबतात. मला तिथे थांबवत नाही, कारण मध्ये कोल्हापूर येते. बाबूराव पेंटरांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ काढला होता. सावकाराच्या खोट्या कागदाने जमीन गमावलेला शेतकरी शहरात येतो आणि गिरणी कामगार होतो, ही त्याची कथा. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत खुद्द शांताराम होते. त्या मूकपटाची प्रत आज हाती नाही. १९३६ साली पेंटरांनी तोच विषय बोलपटात पुन्हा केला. बिमल रॉय यांनी हे पाहिले होते असा माझा दावा नाही. ‘दो बिघा जमीन’ची कथा सलील चौधरींची, तिची मुळे बंगालात. माझे म्हणणे एवढेच, की बेघर होणारा शेतकरी आपल्या पडद्याला इटलीने शिकवला नाही. १९५२ साली मुंबईच्या थिएटरात बसलेल्या एखाद्या मध्यमवयीन मराठी माणसाने तरुणपणी ‘सावकारी पाश’ पाहिलेला असणे अगदी शक्य आहे. त्याला ‘बायसिकल थीव्ज’ नवा वाटला असेल की ओळखीचा? त्याला कोणी विचारले नाही. महोत्सवाचा इतिहास दिग्दर्शकांच्या आठवणींवरून लिहिला जातो. तिकीट काढून आत गेलेल्याची आठवण कोणी टिपत नाही.

महोत्सव आला नि गेला. परदेशी चित्रपट पाहण्याची सवय लावली ती पुढच्या दोन संस्थांनी : फिल्म सोसायटी आणि संग्रहालय. १९५९ साली सोसायट्यांचा महासंघ स्थापन झाला, अध्यक्ष सत्यजित राय. मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ सुरू झाले आणि मध्यमवर्गीय मराठी माणूस या चळवळीत मोठ्या संख्येने आला. सभासदांपुरत्या खेळांना सेन्सॉरच्या अटी सैल असत, आणि परदेशी वकिलाती डबे उसने देत. पोलंड, हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया, सोव्हिएत रशिया हे देश आम्हाला आधी पडद्यावर भेटले आणि नंतर नकाशात सापडले. सेन्सॉरची कात्री लागलेली नसते या एकाच कारणासाठी सभासद झालेलेही पुष्कळ होते. हवे ते दृश्य न आल्यास मध्यंतरातच ते उठत. जे कंटाळून का होईना पण बसून राहिले, त्यांतले काही पुढे जन्माचे रसिक झाले. चळवळीने या गोष्टीची लाज बाळगण्याचे कारण नाही.

पुण्यात १९६० साली प्रभातच्या आवारात फिल्म इन्स्टिट्यूट आले आणि १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. संग्रहालय म्हटले की पी. के. नायर आठवतात. अंधारात बसून, छोट्या बॅटरीच्या उजेडात, चित्रपट चालू असताना रिळामागून रीळ नोंदी करणारा माणूस. ‘सेल्युलॉइड मॅन’ या माहितीपटात ते दिसतात. चित्रपट पाहणे ही नोंदवून ठेवण्याची बाब आहे, हे माझ्यासारख्या कॉलेज अर्धवट सोडलेल्याला त्यांच्यामुळे कळले. माझ्या वह्या ही त्यांचीच फिकी नक्कल.

पण मला नायरांचे सर्वांत मोठे काम पुण्याबाहेरचे वाटते. कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात हेग्गोडू नावाचे गाव आहे. तिथे के. व्ही. सुब्बण्णांची ‘नीनासम्’ ही नाट्यसंस्था. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून सतीश बहादूर आणि नायर यांनी तिथे चित्रपट रसास्वादाची शिबिरे घेतली. ‘बायसिकल थीव्ज’, ‘राशोमोन’, ‘पथेर पांचाली’ गावकऱ्यांपुढे दाखवले. सुपारीच्या बागांत काम करणाऱ्या माणसांनी ते पाहिले, त्यावर वाद घातले. इंग्रजी ओळ त्यांच्या वाटेत आली नाही, कारण मध्ये कन्नड बोलणारा माणूस उभा होता. मूकपटाच्या काळातला पाट्या वाचणारा इथे परत आला, असे मला वाटते.

आपल्याकडे तो परत आला नाही. १९९७ साली मुंबईचा मामी महोत्सव सुरू झाला, धुरीण हृषीकेश मुखर्जी, म्हणजे ‘दो बिघा जमीन’चेच पटकथाकार आणि संकलक. २००२ साली पुण्याचा पिफ, त्याच वर्षी मुंबईत आशियाई चित्रपटांचा ‘थर्ड आय’. २००४पासून केंद्र सरकारचा महोत्सव कायमचा पणजीला आला. पुढे कोल्हापूर, औरंगाबाद. पूर्वी चार डबे रेल्वेने येत, आता चित्रपट एका छोट्या डिस्कमधून येतो. हे वैभव मी उपभोगले आहे, त्याची कुचेष्टा मला करायची नाही. पण मी पाहिलेल्या महोत्सवांत परदेशी चित्रपटाच्या तळाशी मराठी ओळ मला एकदाही दिसली नाही. केरळात हौशी मंडळी जगभरच्या चित्रपटांची मल्याळी उपशीर्षके स्वतः तयार करतात. आपल्या माहितीपुस्तिकेत स्वागताचे पान मराठीत असते आणि चित्रपटांचे सारांश इंग्रजीत. रांगेत मराठी बोलणारे निम्म्याहून अधिक असतात, हे मी कान देऊन ऐकलेले आहे.

हे लिहिताना माझ्यातला संशोधक आणि तक्रारखोर यांची गल्लत होते, हे मला कळते. म्हणून गेल्या हिवाळ्यात एक प्रयोग केला. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात पांढरी चादर लावून ‘बायसिकल थीव्ज’ दाखवला. सगळे संवाद आधी मराठीत लिहून काढले, महिना गेला. दाखवताना चादरीच्या बाजूला स्टुलावर बसून, बॅटरीच्या उजेडात ओळी वाचत गेलो. बावीस माणसे होती. पहिल्या वीस मिनिटांत माझी तीनदा ओळ चुकली, बाप बोलतो ते पोराच्या तोंडी गेले. एका आजींनी मोठ्याने दुरुस्ती सांगितली. कोणी ‘शुक्’ केले नाही.

शेवटाला बाप स्वतःच सायकल चोरतो, पकडला जातो, लोक त्याला सोडतात. गर्दीतून चालताना मुलगा त्याचा हात धरतो. तिथे संवादच नाही, मी गप्प होतो. खेळ संपल्यावर बाजारात सायकल-दुरुस्तीचे दुकान असलेले एकजण जवळ आले. म्हणाले, “सगळा सिनेमाभर तुमचा आवाज होता, आणि पोरानं हात धरला तेव्हा नव्हता. मला वाटलं, तुम्हालाही बोलवेना.” मग त्यांनी विचारले, सायकल सापडली का पुढे? सापडत नाही, म्हटल्यावर त्यांनी दुकानात तारण पडून राहिलेल्या तीन सायकलींची हकीकत सांगितली. ती मी वहीत घेतली आहे, चित्रपटाच्या नोंदीखालीच.

मार्गशीर्षात ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ दाखवायचा आहे. ओळी लिहून झाल्या आहेत. बहिणीचे संवाद झेडपी शाळेतल्या एक बाई वाचणार आहेत, भावाचे मी. एस.टी.च्या काकांचा पत्ता शोधतो आहे. जुन्या वहीत त्यांचे नाव लिहून घ्यायचे राहून गेले.