मापाची टेप कोणाच्या हाती?

शिवणकाम म्हणजे बायकांचा फावल्या वेळचा उद्योग, असे मानणाऱ्यांनी कपड्यांचा इतिहास तपासावा. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांना प्रेताची वस्त्रे नेमून दिली आहेत. अंग आपले, पण त्यावर काय असावे हे ठरवणार दुसरेच!

त्रावणकोर संस्थानात नाडर स्त्रियांना छाती झाकण्याची मनाई होती. ख्रिस्ती झालेल्या नाडर स्त्रिया शिवलेले जॅकेट घालू लागल्या, तेव्हा त्यांच्यावर हल्ले झाले. १८५९ साली संस्थानाने अंग झाकायला परवानगी दिली; तीही सवर्ण स्त्रियांसारखे वस्त्र घ्यायचे नाही, या अटीवर.

महाडला डिसेंबर १९२७ मध्ये मनुस्मृती जाळली गेली. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले, की जात ओळखू येईल अशी लुगड्याची नेसण आणि दागिने सोडा. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोक पांढऱ्या वस्त्रांत जमले.

कपडा बेतण्याची विद्याही फार काळ शिंप्यांपाशीच होती. अमेरिकेत एबेनेझर बटरिकने १८६३ साली निरनिराळ्या मापांचे कागदी नमुने विकायला काढले आणि ती सामान्य घरांत पोचली. आपल्या शिवणक्लासमधले पेपर कटिंग त्याच जातीचे काम. छाती, कंबर, उंची मोजायची, कागदावर आखायची, मग कापड कापायचे. रोजचा ब्लाउज असो की धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा पांढरा सदरा, रीत एकच.

म्हणून वस्तीतल्या शिवणवर्गात मुलांनाही बसवा, आणि कात्री हाती देताना हा इतिहासही सांगा. ज्यांना चिंध्या नेमून दिल्या होत्या, त्यांनी स्वतःचे माप स्वतः घेणे ही साधी गोष्ट नाही.