ऑक्सफर्डमधील एक सायंकाळ

परीक्षा आटोपली की “मुलाचे पुढे काय?” हा प्रश्न वसंत ऋतूत आपल्या घरोघरी निघतो. परंतु परीक्षेपर्यंत आपण जिवंत तरी राहू काय, अशी ज्यांना शंका होती, त्या विद्यार्थ्यांची हकीगत आज सांगावयाची आहे.

३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने जर्मनीशी युद्ध पुकारले. त्याच दिवशी १८ ते ४१ वर्षे वयाच्या पुरुषांवर लष्करी सेवेची सक्ती करणारा कायदा पार्लमेंटने संमत केला. पुढच्याच महिन्यात ऑक्सफर्डचे सत्र सुरू झाले. उद्या खंदकात जावयाचे, तर आज काव्यशास्त्र आणि सनावळ्या कशाला घोकावयाच्या? घर पेटले असता सतार जुळवीत बसण्यासारखेच हे नव्हे काय?

रविवार, २२ ऑक्टोबर रोजी विद्यापीठाच्या सेंट मेरी चर्चमध्ये ह्या प्रश्नाला उत्तर देण्यास जो वक्ता उभा राहिला, तो धर्मोपदेशक नव्हता. तो मॉडलिन कॉलेजातील इंग्रजी साहित्याचा अध्यापक सी. एस. लुइस. १९१७ साली तो स्वतः ऑक्सफर्डचे शिक्षण सोडून युद्धावर गेला होता. एकोणिसाव्या वाढदिवशी तो फ्रान्समधील आघाडीवर पोहोचला आणि एप्रिल १९१८ मध्ये जखमी झाला. त्या काळी तो नास्तिक होता. ख्रिस्ती श्रद्धेकडे तो वळला १९३१ साली. तेव्हा चाळिशीच्या माणसाने विशीच्या पोरांना सुखासनावरून केलेला हा उपदेश नव्हता.

लुइसचे म्हणणे थोडक्यात असे. युद्धाने नवी परिस्थिती निर्माण केलेली नाही. माणसाचे जीवन सदैव कड्याच्या टोकावरच चालत आले आहे. पूर्ण शांततेची वाट पाहिली असती, तर विद्येचा शोध कधी सुरूच झाला नसता. देशासाठी मरण्याची वेळ एखाद्यावर येईल. पण केवळ देशासाठीच जगणे, आपले सर्वस्व त्याला वाहणे, हे मात्र योग्य नव्हे. देवाला अर्पण केले, तर संगीतकाराचे काम आणि झाडलोट करणाऱ्या बाईचे काम सारखेच पवित्र होते. विद्यार्थ्याचे तीन शत्रू त्याने सांगितले: चित्ताची खळबळ, काम अपुरे राहील ही निराशा, आणि भय. युद्ध नसले म्हणून मृत्यू कोणाला चुकतो काय?

येथे आपणांस गीतेतील निष्काम कर्माची आठवण होईल, आणि ती रास्तच आहे. परंतु एक फरक ध्यानात घ्यावा. ख्रिस्ती भक्त फळाची आस टाकीत नाही. ते फळ तो पित्याच्या हाती ठेवतो, आणि आजचे काम आज करतो.

ह्या आशेने त्या तरुणांपैकी कोणालाही सुखरूप परतण्याचे वचन दिले नाही. आशा आणि विम्याची पावती ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सारे ठीक होईल असे सांगणे सोपे असते; न झाले तरी तुझे आजचे काम वाया जात नाही, हे सांगण्यास श्रद्धा लागते. आपल्या घरातला मुलगा उद्याच्या चिंतेने पुस्तक मिटू लागला, तर ह्यांतील कोणते वाक्य आपण त्याला सांगणार आहोत?