पायली, शेर आणि लोणारचा खार

सुलतानपुरात क्षारांविषयी बोलायचे म्हणजे शेजारच्या लोणार सरोवराविषयी बोलणे आलेच. अकबराच्या काळच्या 'आईन-ए-अकबरी'त लोणारास काच व साबण करण्याचा माल मिळतो अशी नोंद आहे. हा माल म्हणजे पाणी आटले की काठाला बसणारा सोडा. लोकांनी त्याचे दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी असे भेद केले होते. ही नावे आम्हांस हौसेची वाटत नाहीत. पापुद्रे आणि भुसा एकाच मापात भरले, तर माल सारखा कसा यावा?

आपल्याकडे मोजण्याच्या रीती दोन, कैली आणि वजनी. पायली चार शेरांची खरी, पण तो शेर मापाचा. तराजूतला शेर निराळा. त्यात माप सपाट करायचे की शीग ठेवायची, हा तंटा! देताना सपाट आणि घेताना शिगेसह, असा व्यवहार झाला की नाडला जाई तो शेतकरीच.

हा घोळ मोडण्यासाठी 1871 साली कायदा झाला. शेर म्हणजे किलोग्रॅम, आणि तेवढे पाणी मावेल ते मापाचे भांडे, असे त्यात ठरले. युक्ती मूळची फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातली, आणि नामी. पण कायदा कागदावरच राहिला. पुढे 1956 चा कायदा आला आणि 1958 च्या ऑक्टोबरपासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने बाजारात उतरला.

परंतु पाण्याचा हिशेब क्षाराला लागू पडत नाही. धुण्याच्या सोड्याच्या 286 ग्रॅम स्फटिकांत खरा सोडा 106 ग्रॅम, बाकीचे 180 ग्रॅम पाणी. या स्फटिकांची घनता 1.46; म्हणजे 286 ला 1.46 ने भागले की जागा निघते सुमारे 196 घन सेंटिमीटर. सारे पाणी घालविले, तर उरलेल्या 106 ग्रॅमांची घनता 2.54 आणि जागा अवघी 42. सोडा तेवढाच, जागा पाचव्या हिश्शाच्या आसपास! भुकटीत कणांमधली हवा आणखी वेगळी. म्हणजे पायली तर फसवतेच, पण नुसता तराजूही फसवतो. ओला माल घेणारा पाण्याचे पैसे मोजतो.

भारतीय भूविज्ञान सर्वेक्षणाने 1912 साली ला टूश यांचा लोणारवरील लेख छापला, तेव्हा त्याला ख्रिस्ती यांचे सोड्याविषयीचे टिपण जोडलेले होते. लोणारच्या मालात मिळणाऱ्या ट्रोना नावाच्या क्षाराचे 226 ग्रॅम घेतले, तर त्यांत धुण्याचा सोडा 106, खाण्याचा सोडा 84 आणि पाणी 36 ग्रॅम भरते.