पिंपळे सौदागरचे 729 तुकडे

वडिलोपार्जित जमीन वारसांत वाटली की तिचे तुकडे होतात आणि तुकडे झाले की शेती परवडत नाही, हे सूत्र विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्यातल्या अर्थशास्त्रात जवळजवळ सर्वमान्य होते. त्याला आकड्यांचा आधार मिळाला तो पवनाकाठच्या पिंपळे सौदागर या गावातून. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी या गावाची पाहणी करून ती 1917 मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. गावातले सरासरी धारणक्षेत्र 1771 मध्ये 40 एकर होते. 1818 मध्ये ते साडेसतरा एकरांवर आले, 1820 ते 1840 या काळात 14 एकरांवर आणि 1914-15 मध्ये 7 एकरांवर. 156 जमीनमालकांची जमीन 729 तुकड्यांत विखुरलेली होती. त्यांतले 463 तुकडे एका एकराहून लहान होते, तर 112 पाव एकराहूनही, म्हणजे दहा गुंठ्यांहून लहान.

या आकड्यांत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकेका मालकाकडची एकूण जमीन कमी होणे हे विभाजन. आहे ती जमीन गावभर ठिकठिकाणी विखुरणे हे तुकडेकरण. वाटणीच्या वेळी काळी, मुरमाड आणि विहिरीच्या पाण्याखालची जमीन सारख्या मोलाची नसते. म्हणून प्रत्येक भाऊ प्रत्येक शेतातली पट्टी मागतो, आणि न्यायाच्या दृष्टीने त्याचे चुकत नाही. विभाजनाचे मूळ वारसाहक्कात आहे, पण तुकडेकरण वाटणीच्या या रीतीतून येते. मॅन यांनी हा फरक ओळखला होता. पुढच्या चर्चेत मात्र तो वारंवार पुसट झाला.

वारसाहक्काची संकल्पना स्वतः बरीच सूक्ष्म आहे. महाराष्ट्रात प्रमाण मानलेली विज्ञानेश्वरांची मिताक्षरा मुलाला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच हक्क देते. एकत्र कुटुंबात कोणाचाही हिस्सा ठरलेला नसतो. जन्माने तो घटतो, मृत्यूने वाढतो आणि वाटणी झाली की पक्का होतो. वाटणीपूर्वी अमुक पट्टी माझी, असे कोणालाच म्हणता येत नाही. अर्थशास्त्रज्ञांनी मोजले ते तुकडे आणि एकर. कायद्याने वारशात दिला तो हिस्सा. सातबाऱ्यावर दहा नावे लागूनही जमीन एकच भाऊ कसत असेल, तर मालकीचे विभाजन झाले आहे, वहिवाटीचे नाही. मालकांची यादी पाहून शेतीच्या उत्पादकतेविषयी निष्कर्ष काढणे त्यामुळे धोक्याचे ठरते.

व्याख्येतली दुसरी अडचण किफायतशीर धारणक्षेत्राची होती. मुंबई इलाख्याचे शेतकी संचालक कीटिंग यांच्या मते शेतकऱ्याला खर्च भागवून कुटुंबासह बऱ्यापैकी सुखाने राहता येईल, एवढी जमीन म्हणजे किफायतशीर धारण. मॅन यांची कसोटीही सरासरी कुटुंबाच्या किमान गरजांचीच होती. या कसोटीवर पिंपळे सौदागरमधल्या 81 टक्के धारणा अनुकूल काळातही मालकाला पोसण्यास अपुऱ्या ठरल्या.

या व्याख्येवर सर्वांत नेमका घाव घातला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. 1918 मध्ये भारतातील लहान धारणक्षेत्रांवर लिहिलेल्या निबंधात त्यांनी कीटिंग आणि मॅन या दोघांच्याही व्याख्या नाकारल्या. कुटुंब किती खाते यावरून शेताचा योग्य आकार ठरत नाही. जमीन, श्रम आणि भांडवल यांचे प्रमाण जुळते की नाही, यावर तो ठरतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. अवजारे आणि बैल अपुरे असतील तर मोठे शेतही तोट्यात जाते. तुकडे एकत्र केले म्हणून क्षेत्र वाढत नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले. शेतीवर जगणाऱ्यांचा बोजा कमी होत नाही तोवर कायदा बदलून काही साधणार नाही, म्हणून खरा उपाय औद्योगिकीकरणाचा, असा त्यांचा निष्कर्ष होता. शंभर वर्षांनंतरही या वादातला हा सर्वांत भक्कम लेख वाटतो.

मॅन यांचे आकडेही त्याला पुष्टी देतात. 1771 ते 1818 या 47 वर्षांत सरासरी क्षेत्र निम्म्याहून खाली आले. प्रमाणात तेवढीच मोठी पुढची घट व्हायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. वारसाहक्काचा मूळ नियम दोन्ही काळांत तोच होता. जुन्या-नव्या नोंदींची मापे एकसारखी धरता येत नाहीत हे खरे, पण घटीचा वेग बदलत असताना न बदललेल्या नियमाला एकमेव कारण ठरवता येत नाही.

तरीही कायदेमंडळाचा रोख वारसाहक्कावरच राहिला. 1927 च्या लहान धारणक्षेत्रांच्या विधेयकाला आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात विरोध करून सहकारी शेतीचा पर्याय मांडला. ते विधेयक मागे पडले. 1947 मध्ये तुकडेबंदी कायदा झाला. शासनाने ठरवलेल्या किमान, म्हणजे प्रमाणभूत क्षेत्राहून कमी जमीन म्हणजे तुकडा, अशी व्याख्या त्यात आहे. अर्थशास्त्रातले तुकडेकरण विखुरलेपणाचे होते. कायद्याने त्याच नावाखाली लहानपणावर बंदी घातली. एकत्रीकरण योजनेने गट नंबर आले, पण भाऊबंदांचे हिस्से संपले नाहीत.

औद्योगिकीकरण आले ते पिंपळे सौदागरच्याच पट्ट्यात. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, आकुर्डीत बजाज आणि पिंपरीत टेल्को आली. पुढे चाकणजवळच्या निघोजे, महाळुंगे या गावांच्या शिवारात वाहनांचे कारखाने उभे राहिले. शेतीवरचा बोजा आंबेडकरांनी म्हटल्याप्रमाणे हलका झाला, वाटण्या मात्र थांबल्या नाहीत. जमिनीची किंमत पिकावरून न ठरता बाजारभावाने ठरू लागली आणि एकेका गुंठ्याचा हिस्साही मोलाचा झाला. भूसंपादनात हिस्सा मातीपासून सुटून मोबदल्याच्या रकमेत गेला. पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाने घेतलेल्या जमिनींबाबत तो साडेबारा टक्के जमीन परत मिळण्याच्या मागणीत उतरला. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये मुलींना जन्मसिद्ध समान हक्क दिला. त्यानंतर बहिणींची सही किंवा हक्कसोडपत्र नसेल, तर व्यवहार अडू लागला. बहिणींना हे उशिराने मिळाले, पण जे मिळाले ते न्यायाचेच होते. धारणक्षेत्राच्या जुन्या व्याख्यांत या हिश्श्याला जागाच नव्हती, कारण त्यावर नांगर चालत नाही.

2023 मध्ये राज्य शासनाने महापालिका क्षेत्रांबाहेर बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीसाठी 20 गुंठे आणि बागायतीसाठी 10 गुंठे ठरवले. मॅन यांनी सर्वांत लहान म्हणून वेगळ्या मोजलेल्या तुकड्यांची वरची मर्यादाही दहा गुंठेच होती.