हिरड्यांवरचा आळ

हिरड्या बिघडल्या की हृदय बिघडतं, हे आता सर्रास ऐकू येतं. या समजुतीचं कूळ सव्वाशे वर्षांहून जुनं आहे. बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यांनी १८९१ साली मांडलं, की तोंडातले जंतू शरीरात इतरत्रही रोग पोचवू शकतात. लंडनचे डॉक्टर विल्यम हंटर यांनी १९१० मध्ये मॉन्ट्रियलच्या भाषणात दातांवरच्या सोन्याच्या टोप्यांवरच तोफ डागली: खाली पू साचतो, वर सोनं चमकतं.

मग दात उपटण्याची लाटच आली. संधिवात झाला, दात काढा; अशक्तपणा आला, दात काढा. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात हेन्री कॉटन यांनी वेड बरं करायला रुग्णांचे दात उपटले, पुढे आतडीही कापली. अनेक रुग्ण दगावले. १९३८ साली सेसिल आणि अँजेव्हाइन या डॉक्टरांनी संधिवाताच्या २०० रुग्णांची माहिती तपासली, तेव्हा दात काढून फायदा झाल्याचं दिसेना. लाट ओसरली.

१९८९ मध्ये फिनलंडमधल्या संशोधकांना हृदयविकाराचा झटका आलेल्यांचं दंतारोग्य इतरांपेक्षा वाईट आढळलं आणि जुना आळ पुन्हा उभा राहिला. पण सिगारेट हिरड्याही खाते आणि हृदयही. दोन्ही दुखणी एकत्र दिसली म्हणून एकामुळे दुसरं झालं, असं होत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये हेच बजावलं: संबंध आहे, कारण सिद्ध नाही.

खरा कस लागतो तो उपचारात. हिरड्यांवर अकाली प्रसूतीचाही आळ होता. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ८२३ गर्भवतींपैकी निम्म्यांच्या हिरड्यांवर गरोदरपणातच उपचार झाले, उरलेल्यांवर बाळंतपणानंतर. पहिल्या गटाच्या हिरड्या सुधारल्या. अकाली प्रसूतीचं प्रमाण मात्र १२.० टक्के आणि १२.८ टक्के, जवळजवळ सारखंच. मधुमेहात चित्र वेगळं आहे. २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार, हिरड्यांवरच्या उपचारांनंतर तीन-चार महिन्यांनी रक्तातल्या साखरेची दीर्घकालीन पातळी दाखवणारं एचबीए१सी सरासरी ०.४३ टक्केबिंदूंनी उतरलं.

म्हणून नवी बातमी वाचताना विचारावं: तुलना कोणाशी केली? धूम्रपान हिशेबात धरलं का? उपचारानंतर काय बदललं? आणि दात घासताना रक्त येत असेल, तर हृदयाचा निकाल लागेपर्यंत थांबू नये. हिरड्या गेल्या की दात जातात, उपचाराला एवढं कारण पुरेसं आहे.