झडपेचे ठिकाण

छायाचित्राच्या यंत्रात प्रकाशाला ठरावीक क्षणापुरती वाट करून देणारी एक झडप असते. तिलाच शटर म्हणतात. ही झडप भिंगात असावी की कॅमेऱ्याच्या पेटीत असावी, हा प्रश्न वरवर पाहता केवळ कारागिराचा वाटतो. परंतु मध्यम आकाराच्या, आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत हॅसलब्लाड आणि फुजीफिल्म ही जी दोन घराणी एकमेकांसमोर उभी आहेत, त्यांच्या स्पर्धेचे मर्म याच प्रश्नात दडलेले आहे. आणि हा प्रश्न पाऊणशे वर्षांहून जुना आहे.

स्वीडनमधील गोथेनबर्ग शहरी व्हिक्टर हॅसलब्लाड यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आपल्या देशाच्या हवाईदलासाठी कॅमेरे बनविले. युद्ध संपल्यावर, १९४८ साली, त्यांनी सामान्य ग्राहकांसाठी १६००एफ हा कॅमेरा न्यूयॉर्क येथे पुढे आणला. त्यातील चित्राची चौकट सुमारे ५६ मिलिमीटर लांबरुंद होती. हातातल्या लहान कॅमेऱ्याची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटर असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या मोठ्या चौकटीत किती बारकावा सामावत असेल, याची कल्पना येईल. या कॅमेऱ्याची झडप पेटीत होती, पडद्यासारखी सरकणारी. सेकंदाच्या १,६०० व्या भागाचा वेग तिला दिलेला होता. परंतु ती नाजूक ठरली व वारंवार बिघडू लागली. अखेर १९५७ साली आलेल्या ५००सी या कॅमेऱ्यात झडप भिंगात नेण्यात आली. वेग सेकंदाच्या ५०० व्या भागापर्यंत उतरला. पण पाकळ्यांप्रमाणे उघडमीट करणाऱ्या या झडपेबरोबर फ्लॅशचा प्रकाश कोणत्याही वेगाला जुळू लागला. १९६२ साली अंतराळवीर वॉल्टर शिरा यांनी हाच कॅमेरा अवकाशात नेला आणि १९६९ साली त्याच घराण्याचा कॅमेरा चंद्रावर पोहोचला.

फुजीची स्थापना जपानात १९३४ साली झाली. फिल्मबरोबरच भिंगे घडविण्यातही या कंपनीने नाव मिळविले. विशेष हे की, आजचे हे प्रतिस्पर्धी एकेकाळी सहकारी होते. २००२ साली हॅसलब्लाडने एच१ हा कॅमेरा काढला, तेव्हा त्याची भिंगे फुजीने बनविली. आणि तोच कॅमेरा जपानात फुजीच्या नावानेही विकला गेला. त्यातही झडप भिंगातच होती.

या सर्व कॅमेऱ्यांत भिंगाच्या मागे एक तिरका आरसा असे. भिंगातून आलेले दृश्य तो वर, छायाचित्रकाराच्या डोळ्याकडे वळवी, आणि चित्र घेण्याच्या क्षणी झटक्यासरशी दूर होई. मोठ्या चौकटीला आरसाही मोठा लागे. त्याच्या हालचालीला जागा लागे. म्हणून पेटी अवजड होई आणि आरशाचा धक्का यंत्राला बसे. सेन्सरवर उमटणारे दृश्य थेट लहानशा पडद्यावर दाखविता येऊ लागले, तेव्हा आरशाचे प्रयोजन उरले नाही. जून २०१६ मध्ये हॅसलब्लाडने एक्स१डी आणि त्याच वर्षी सप्टेंबरात फुजीफिल्मने जीएफएक्स ५०एस जाहीर केला. दोहोंतील सेन्सर ४३.८ बाय ३२.९ मिलिमीटरचा, पाच कोटी बिंदूंचा आणि सोनीने बनविलेला होता. लहान चौकटीहून तो पावणेदोनपटीच्या आसपास मोठा. पण जुन्या चौरस फिल्मच्या निम्म्याहूनही कमी.

सेन्सर सारखाच, मग भेद कशात? पुन्हा झडपेतच. हॅसलब्लाडने १९५७ चा धडा सोडला नाही. एक्स१डीची झडप भिंगातच राहिली आणि सेकंदाच्या २,००० व्या भागापर्यंत फ्लॅश तिला साथ देई. भर उन्हात, सूर्याच्या प्रकाशावर फ्लॅशने मात करून व्यक्तिचित्र घेणाऱ्यास हे वरदानच. फुजीफिल्मने मात्र झडप पेटीत ठेवली. त्यामुळे वेग ४,००० व्या भागापर्यंत गेला, तरी फ्लॅश १२५ व्या भागापलीकडे जुळेना. मोबदल्यात एक मोठी सोय लाभली: स्वतःची झडप नसलेले जुने भिंगही जोडणी मिळाल्यास यावर चालू लागले. तेच भिंग एक्स१डीवर लावल्यास केवळ इलेक्ट्रॉनिक झडपेवर विसंबावे लागे. आणि सेन्सर सावकाश वाचला जात असल्याने हलती वस्तू चित्रात वाकडी उमटे.

पुढे दोन्ही घराणी दहा कोटी बिंदूंपर्यंत गेली: फुजीफिल्म २०१९ च्या जीएफएक्स १०० मध्ये, तर हॅसलब्लाड २०२२ च्या एक्स२डीमध्ये. हाताचा कंप सावरणारी योजना या दोन्हींत आली. फुजीफिल्मने चलच्चित्रणाचीही सोय केली. एक्स२डीने ती मुद्दामच वगळली व स्थिर चित्रावर लक्ष एकवटले.

तेव्हा यांत श्रेष्ठ कोण, असे विचारण्यापेक्षा ग्राहकाने आपले काम कोणत्या प्रकाशात चालते, हे आधी पाहावे. पेटी काही वर्षांनी जुनी होते व बदलली जाते. भिंगे मात्र दीर्घकाळ सोबत राहतात. ज्याने झडप असलेली पाच भिंगे घेतली, त्याने पाच झडपांची किंमत मोजलेली असते, आणि त्यांचा लाभ तो फ्लॅश वापरील तेव्हाच त्याला मिळणार. ज्याच्या कपाटात जुनी भिंगे आहेत आणि जो नैसर्गिक उजेडात काम करतो, त्याला पेटीतली एकच झडप पुरेशी आहे.