बटाट्याची काढणी : जुन्नर-आंबेगाव भागातील अवजारांचा इतिहास

शेतीच्या अवजारांचा इतिहास बहुधा कारखान्यांच्या अंगाने लिहिला जातो. नवे यंत्र निघाले की शेतकऱ्याचे कष्ट सरले, असे त्यात गृहीत धरलेले असते. जुन्नर तालुक्यातील डिंगोऱ्यापासून आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारापर्यंतच्या मुलखात होणारी बटाट्याची काढणी पाहिली म्हणजे हे गृहीत अपुरे ठरते.

बटाटा हे येथील मूळचे पीक नव्हे. त्याचे नावच पोर्तुगीजांकडून आलेले आहे. पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरात मात्र खेड-जुन्नरच्या पिकांत त्याची गणना झालेली आढळते. पीक परके असले, तरी त्याच्या काढणीस लागली ती कुदळ व बैलांचा नांगर ही घरचीच अवजारे. पाला कापून, पाणी तोडून साल पक्की झाली म्हणजे नांगराने वरंबा फोडावयाचा. फाळ उथळ गेल्यास बटाटा कापला जाऊन पुढे सडतो. फार खोल गेल्यास ढेकळे निघून माल त्यांत दडतो. तेव्हा खरे कसब औत धरणाऱ्याच्या हाताचे होय.

१९१० साली किर्लोस्करवाडी वसली. लोखंडाने जमीन नासते, ही समजूत ओसरल्यावर लोखंडी नांगर रूढ झाला. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच बटाटे उकरणारी घोड्यांची यंत्रे प्रचारात आली होती. येथे तशी यंत्रे न रुजण्यास केवळ अज्ञान कारण नव्हते. हॅरल्ड मान यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पिंपळे सौदागरच्या पाहणीनुसार, तेथील सरासरी खातेक्षेत्र १७७१ मध्ये ४० एकर होते. ते १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आले. तुकडेबंदीचा कायदा १९४७ साली झाला, परंतु वाटण्या थांबल्या नाहीत. वर्षातून थोडेच दिवस चालणारे यंत्र अशा खात्यास परवडणे कठीण होते.

आता ट्रॅक्टरमागे जोडलेले काढणीयंत्र भाड्यानेही वापरता येते. त्याचा फाळ वरंबा उचलतो, साखळीवर माती गळते व बटाटे मागे पसरतात.

परंतु काढणीची अंगे दोन : उकरणे आणि वेचणे. कुदळीपासून ट्रॅक्टरपर्यंतचे सारे बदल मुख्यतः पहिल्या अंगात घडले. दुसरे अंग प्रामुख्याने स्त्रियांकडे राहिले. उकरणे जलद झाले तसे वेचणाऱ्या हातांनाही घाई करावी लागली. कारण उन्हात पडून राहिलेला माल बिघडतो. येथील काढणीचा इतिहास नांगराबरोबर पाटीचाही आहे, आणि पाटी भरणाऱ्या बाईचे वाकणे अद्याप संपलेले नाही.